तो तुकडा तुझा नाही

४ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड. न वाचता फाडलंस तर मी दुसरं पाठवीन, ते फाडलंस तर तिसरं. माझ्याकडे कागद भरपूर आहे आणि हट्टाच्या बाबतीत मी तुझी थोरली बहीण आहे.

फोन तू उचलत नाहीस. शिवणाच्या दुकानाचा नंबर लावला तर ‘मॅडम बाहेर गेल्यात’ असं तूच आवाज बदलून सांगतेस. तुझा बदललेला आवाज मी तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून ओळखते. तेव्हाही तो इतकाच वाईट होता.

तुझ्या लेकीने मला सगळं सांगितलं. ‘मावशी, मी सांगितलं असं आईला सांगू नकोस,’ असंही म्हणाली, म्हणून लगेच सांगून टाकते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. यात ती माझ्यावर गेली आहे, तेव्हा तिला रागावू नकोस.

मला कळलं ते असं. गेले काही महिने तुझ्या पोटात आग पडते आहे. जेवण जात नाही. स्वतःचेच कपडे तू दोनदा उसवून आत घेतलेस आणि कुणाला बोलली नाहीस. शेवटी घशातून दुर्बीण घालून पाहिलं, तर जठरात जखम दिसली. तिथले पाच-सहा कण काढून तपासायला पाठवले आणि रिपोर्टात कॅन्सर आला. आता वीस तारखेला ऑपरेशन आहे, जठराचा बराचसा भाग काढणार आहेत. तू म्हणे दुकानातल्या ऑर्डरी संपवत बसली आहेस आणि लेकीला कुठलं कापड कुठे ठेवलंय ते दाखवते आहेस.

मला तू कळवलं नाहीस. का, ते मला माहीत आहे. आप्पांच्या यकृतात गाठ निघाली तेव्हा त्यांना सांगायचं नाही असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मी सांगितलं. त्यांनी उपचार सोडले आणि थोड्याच दिवसांत गेले. तेव्हा तू दारात उभी राहून मला म्हणालीस, ‘तू बापाकडे बाप म्हणून बघितलंच नाहीस, काच म्हणून बघितलंस. पुन्हा या दारात येऊ नकोस.’ मी आले नाही. तुझं दुसरं कुठलंही म्हणणं मी आयुष्यात इतकं मनावर घेतलेलं नाही.

आता कामाचं बोलते. मला तुझी काच हवी आहे. रिपोर्ट नको, रिपोर्ट हे कुणाचं तरी मत असतं. तुझ्या जठराच्या कणांचे काप ज्या काचेच्या पट्टीवर बसवले आहेत, ती पट्टी. प्रयोगशाळेत मागितली की द्यावीच लागते.

पस्तीस वर्षं मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आहे. लोकांना वाटतं आमच्याकडे नुसते कॅन्सर येतात. अगं, आमच्याकडे येतात ती सुजलेली अपेंडिक्सं, खड्यांनी भरलेल्या पित्ताच्या पिशव्या, पाठीवरच्या चरबीच्या गाठी, गर्भाशयातले फायब्रॉइड, मानेतले क्षयाचे गोळे. नव्या डॉक्टरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते: जे नेहमी होतं त्याचा आधी विचार करा, दुर्मिळाच्या मागे नंतर लागा. जठरात जखम व्हायचं सगळ्यात नेहमीचं कारण कॅन्सर नाही, एक वळलेला जंतू आहे. जगातल्या निम्म्या माणसांच्या पोटात तो फुकटात राहतो.

म्हणजे तुला कॅन्सर नाही असं मी म्हणत नाही. काच न पाहता बोलायला मी शेजारीण नाही. मी पाहते, मग बोलते. आणि ‘मी काय पाप केलं म्हणून मला हे झालं’ हा विचार डोक्यात असेल तर तो कचऱ्याच्या डब्यात टाक. वेळेवर जेवली नाहीस, चिडचिड केलीस, बहिणीशी बोलली नाहीस, यातल्या कशानेही जठरात कॅन्सर उगवत नाही. शेवटच्यासाठी वेगळी शिक्षा आहे, ती मी भेटल्यावर देईन.

काच पाठव.

ताई


१० फेब्रुवारी

ठमे,

काच पोचली. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव तुझ्या लेकीचं आहे. पण काचेभोवती जी करड्या कापडाची पट्टी गुंडाळली आहे, तिची कड नागमोडी कात्रीने कापलेली आहे. ती कात्री तू देवालासुद्धा हात लावू देणार नाहीस. तेव्हा काच कुणी पाठवली ते मला कळलं आहे आणि मी ते बोलून दाखवणार नाही.

आमच्या विभागात एक नियम आहे. घरच्या माणसाची काच आपण वाचायची नाही. हा नियम मीच केला. माणसाचे डोळे मोठे लबाड असतात, मनाला जे हवं ते शोधून आणतात, नाहीतर मनाला ज्याची भीती वाटते ते. आप्पांची काच आली तेव्हा मी ती आधी माझ्या साहेबांच्या हातात दिली होती. त्यांनी वाचली, सही केली, मग मी पाहिली. मी आप्पांकडे काच म्हणून बघितलं असं तू म्हणालीस, पण ती काच आधी स्वतः बघायची माझी छातीच झाली नव्हती. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे एक तरुण डॉक्टर आहे, माझाच विद्यार्थी. जाड चष्मा, मान सगळीकडे वळते, बोलतो कमी, म्हणून सगळे त्याला घुबड म्हणतात. त्यालाही माहीत आहे आणि त्याची हरकत नाही. तुझ्या काचेवरचं नाव मी चिकटपट्टीने झाकलं आहे. उद्या सकाळी त्याच्यापुढे ठेवणार आहे. रोगी कोण, तक्रार काय, आधी कुणी काय म्हटलं आहे, काहीही सांगणार नाही. असं कोऱ्या मनाने वाचलेलंच खरं, असा आमचा शिरस्ता आहे.

नियमाप्रमाणे मी स्वतः पाहायला नको होतं. पाहिलं. दुपारी सगळे चहाला गेले तेव्हा दार लोटून पाहिलं. स्वतः केलेला नियम मोडायला काही फार वेळ लागत नाही, पंधरा मिनिटं लागली.

काय दिसलं ते आज लिहिणार नाही. मला जे दिसलं ते मला हवंच होतं, म्हणून माझा माझ्यावर भरवसा नाही. घुबडाने पाहिल्यावर लिहीन. तोवर जेव. तिखट नको, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. हे डॉक्टर म्हणून नाही, बहीण म्हणून सांगते. डॉक्टर म्हणूनही हेच सांगितलं असतं.

ताई


१२ फेब्रुवारी

ठमे,

बस आणि वाच. दुकानात असशील तर मशीन बंद कर.

काल घुबड आला. मी काच पुढे सरकवली.

‘कुणाची आहे?’

‘एका बाईंची.’

‘काय बघायचंय?’

‘काही नाही. वाच.’

तो वाचायला बसला. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहिले. बाहेर काय होतं ते विचारशील तर सांगता येणार नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘मॅडम, कॅन्सर आहे.’ मी कप खिडकीत ठेवला. घुबडाने मान वर केली नाही. बोटाने मायक्रोस्कोपचं बारीक चाक फिरवत राहिला, पुढे, मागे, पुढे, मागे.

‘पण एक गंमत आहे,’ तो म्हणाला. ‘हा एक तुकडा वेगळ्याच मजल्यावर आहे. बाकीचे कण स्वच्छ दिसायला लागले की हा धूसर होतो. हा स्वच्छ केला की बाकीचे धूसर. आणि एका बाजूला पडलाय, कशाला जोडलेला नाही. मला नाही वाटत हा या बाईंचा आहे. पाहुणा आहे हा.’

मलाही हेच दिसलं होतं. अगदी हेच.

मी चिकटपट्टी काढली आणि म्हणाले, ‘माझी धाकटी बहीण आहे.’ त्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, ‘आधी सांगितलं नाहीत ते बरं केलंत. मी घाबरलो असतो, मग मला काय दिसलं असतं कोण जाणे.’

पाहुणा म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण तुझं सगळं त्यावर आहे. जठरातून काढलेले कण मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात. त्या ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढतात. काप चुरगळतो, म्हणून तो कोमट पाण्याच्या भांड्यात सोडतात. पाण्यावर तो पसरतो, सपाट होतो, मग खालून काच घालून अलगद उचलतात. तेच भांडं, तेच पाणी, आणि दिवसभर एकामागून एक माणसांचे काप. दर माणसानंतर पाण्यावरून कागद फिरवून राहिलेला कचरा टिपायचा असतो. गर्दीच्या दिवशी एखाद्या वेळी टिपायचा राहतो. मग आधीच्या माणसाचा कण तरंगत थांबतो आणि पुढच्याच्या काचेवर चढून बसतो. त्याला आम्ही पाहुणा म्हणतो. बिनबोलावलेला आणि बिनचेहऱ्याचा, त्याच्यावर नाव लिहिलेलं नसतं. काचेवर मात्र तुझं नाव असतं.

तुझ्याच धंद्यातलं सांगू का? काळ्या कोटावर आधीच्या गिऱ्हाइकाच्या कपड्याचा लाल धागा चिकटला म्हणून कोट लाल होत नाही.

तिकडच्या डॉक्टरांना शिव्या देऊ नकोस. पोटात जखम, वजन उतरलेलं, आणि काचेवर खराखुरा कॅन्सर; घाईच्या दिवशी शंभरातल्या नव्वदांनी सही केली असती. त्यातून या तुकड्याचा तोंडवळा मोठ्या आतड्यातल्या कॅन्सरचा आहे आणि जठरातले काही कॅन्सर हुबेहूब तसेच दिसतात. ही चूक अडाण्याची नाही, आमच्याच धंद्यातली आहे. माझ्या विभागात दोनदा झाली आहे, दोन्ही वेळा आम्ही रिपोर्ट जायच्या आत पकडली.

एका काचेवर मी तुला ऑपरेशन रद्द करायला सांगणार नाही. माझी खात्री आहे, पण नुसत्या माझ्या खात्रीवर तुझं पोट सोडता येणार नाही. मला तो मेणाचा ठोकळा हवा. पाहुणा पाण्यातून आला असेल तर तो काचेवर आहे, ठोकळ्यात नाही. मी ठोकळा अगदी तळापर्यंत कापून बघेन. काच मागितली की मिळते, ठोकळ्याला मात्र रोग्याची सही लागते. त्यांच्या प्रमुखांना फोन केला होता. ते म्हणाले, ‘आमच्याकडे असं होत नाही.’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे झालंय, तुमच्या पाण्याला काय सोनं लागलंय?’ मग जरा नरमले. म्हणाले, सही आणा, ठोकळा लगेच देतो.

सोबत कागद जोडला आहे. खाली सही कर. वीस तारीख फार लांब नाही.

ताई


१५ फेब्रुवारी

ठमे,

चिठ्ठी मिळाली. तीन ओळी, पण जहाल. पुन्हा लिहून काढते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत हे नक्की होईल.

‘ताई, आप्पांना खरं सांगून मारलंस. आता मला खोटं सांगून जगवायला निघालीस का? सही करणार नाही, वीस तारखेला जे व्हायचं ते होऊ दे.’

छान. तुझं अक्षर सुधारलं आहे.

मला राग आला आहे आणि मी तो लपवणार नाही. तू घाबरली आहेस हेही मला कळतं. एकदा मनाची तयारी केली की माणसाला ती मोडवत नाही. मरायचं ठरवून तू कपाटं आवरलीस, लेकीला सगळं समजावलंस, आणि आता कुणी म्हणतं की थांब, कदाचित नाही. पुन्हा आशा धरायची आणि पुन्हा ती तुटायची, त्यापेक्षा कापून घेतलेलं बरं, असं तुला वाटतंय. मी हे खूप लोकांत पाहिलं आहे. ते तुझ्यात बघायचं धैर्य मला होत नाही.

आता आप्पांचं. इतकी वर्षं गप्प बसले, कारण शब्द दिला होता. ज्यांना दिला ते असते तर आज त्यांनीच मला मोडायला लावला असता.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या खोलीत आप्पांनी मला दार लावायला सांगितलं. म्हणाले, ‘सगळे येतात, उशी नीट करतात, काही होणार नाही म्हणतात आणि जातात. तू सांग. तू खोटं बोलायला गेलीस की तुझे कान लाल होतात, त्यामुळे तुझ्याबरोबर वेळ वाया जात नाही.’ मी सांगितलं. किती दिवस ते त्यांनी विचारलं, तेही सांगितलं. औषधाने फार तर एखादा महिना वाढेल आणि तो याच पलंगावर जाईल, हेही सांगितलं. ते पलंगावर उठून बसले. मग म्हणाले, ‘मग हे टोचणं थांबव आणि मला धाकटीच्या दुकानात नेऊन सोड.’

मी म्हटलं, ‘तिला सांगते तुम्हाला काय हवंय ते.’

‘नको,’ म्हणाले. ‘ती रडत बसेल आणि गिऱ्हाइकं ओरडतील. मी आपला सहज आलोय असं वाटू दे तिला. थोरल्या पोरीला वेळ नाही म्हणून इकडे आणून टाकलं, असं वाटलं तरी चालेल.’

तुला अगदी तसंच वाटलं. मी त्यांना गाडीतून उतरवलं तेव्हा तू म्हणालीस, मी बापाला तुझ्या गळ्यात घालून पळाले. मी गाडी वळवली आणि पुढच्या चौकात थांबून रडले. कान लाल झाले होते की नाही ते बघायला कुणी नव्हतं.

म्हणजे शेवटचे जे दिवस ते तुझ्या दुकानात खुर्ची टाकून बसले, कोटांना बटणं लावत बसले, ते त्यांनी मागून घेतलेले दिवस होते. जन्मात सुई न धरलेला माणूस! वाकडेतिकडे टाके घालायचे, दुपारी डोळा लागला की तू ती बटणं उसवून पुन्हा लावायचीस. त्यांना ते माहीत होतं. मला फोन करून सांगायचे, ‘आज सातही उसवली पोरीने, मी घोरायचं नाटक करत होतो,’ आणि हसायचे. इतकं हसताना मी त्यांना आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी खोटं बोलले असते तर त्यांच्या वाट्याला हे आलं नसतं, आणि तुझ्याही नाही.

मी त्यांना मारलं नाही, ठमे. गाठीने मारलं. माझ्या बोलण्यात तेवढी ताकद असती तर तू माझं ऐकलं नसतंस का?

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर. काचेवर तुझा कॅन्सर असता तर मी तुला सांगितलं असतं का? हो. याच कागदावर, याच अक्षरात. आणि वीस तारखेला पहाटे तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते, तू ढकलून दिलं असतंस तरी. ती तयारी मी काच यायच्या आधीच केली होती, बॅग भरून दाराशी ठेवली होती. अजून तिथेच आहे, येताजाता पायाला लागते.

कागद पुन्हा जोडला आहे. सही कर. नाही केलीस तर चांगलंभलं जठर तू दुसऱ्याच्या कॅन्सरसाठी कापून घेशील. इतकं मोठं मन दाखवायची काही गरज नाही.

ताई


१७ फेब्रुवारी

ठमे,

ठोकळा आला. सही बघितली. सोबतची चिठ्ठीही वाचली: ‘काप. पण जे दिसेल तेच सांग.’

तेच सांगेन.

ताई


१८ फेब्रुवारी

ठमे,

ठोकळा कापला. आमच्या काप घेणाऱ्या बाईंनी नवं पाणी, नवं पातं घेतलं आणि दिवसाचं पहिलं काम तुझं केलं, म्हणजे आधीचं कुणी नकोच. एकावर एक काप घेत तळापर्यंत गेलो. सगळ्या काचा घुबडाने पाहिल्या, मग मी पाहिल्या, मग आमच्या दोघांचं ऐकून न घेता तिसऱ्या डॉक्टरांनी पाहिल्या.

कॅन्सर नाही. एकाही कापात नाही. सूज आहे, जखम आहे, आणि खास रंग लावल्यावर तो वळलेला जंतू, जठराच्या खळग्यांत ऐसपैस पसरलेला.

आता गोड बोलून संपवत नाही. कण छोटे होते. कॅन्सरची लहानशी जागा पहिल्याच कापात संपून गेली असं क्वचित होऊ शकतं. म्हणून तुझ्या सर्जनला मी आज फोन केला. मला वाटलं होतं भांडण होईल, पण माणूस शहाणा निघाला. म्हणाला, ‘मॅडम, चुकून न कापता राहिलेलं मला चालतं, चुकून कापलेलं जोडता येत नाही.’ वीस तारीख रद्द. त्याच दिवशी पुन्हा दुर्बीण, जखमेच्या कडेकडेने दहा-बारा कण, आणि ते दोन्हीकडे तपासायचे, तिकडेही आणि माझ्याकडेही. तोवर जंतूची औषधं सुरू कर. गोळ्या खूप आहेत आणि तोंड कडू पडतं, कुरकुर करू नकोस. केलीस तरी चालेल.

तिकडच्या प्रमुखांचा फोन आला होता. स्वतःहून केला, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. त्यांनी त्या दिवशीची कामं काढून बघितली. तुझ्या लगेच आधी मोठ्या आतड्यातल्या गाठीचं काम होतं. पाहुणा तिथला. पाणी टिपायचं राहिलं होतं. त्या माणसाचा रिपोर्ट बरोबर गेला आहे, उपचार सुरू आहेत, तिकडे काही चुकलेलं नाही. बरेच दिवस तू ज्याचा आजार आपला समजून उराशी धरून बसलीस, तो कुणीतरी खरा माणूस आहे. त्याला कपाटं आवरावी लागत असतील. मला आज दिवसभर त्याची आठवण येत होती, नाव माहीत नसताना.

ताई


२७ फेब्रुवारी

ठमे,

सगळे कण पाहिले. दोन्हीकडे पाहिले. स्वच्छ.

लहानपणी तुला कुणी ‘साधी आहे पोरगी’ म्हटलं की तू जमिनीवर लोळण घ्यायचीस. आता घे लोळण. तुझा आजार अतिशय साधा आहे. रस्त्यावरच्या दर दुसऱ्या माणसाच्या पोटात असतो तसला, कुणी त्यावर व्याख्यानसुद्धा देत नाही. पस्तीस वर्षांत इतका साधा रिपोर्ट लिहिताना मला कधी इतका वेळ लागला नव्हता. दोन ओळींचा रिपोर्ट. पहिल्या ओळीनंतर उठून तोंड धुवून यावं लागलं.

गोळ्या पूर्ण कर. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस. दोन महिन्यांनी पुन्हा एकदा दुर्बीण, जखम भरली की नाही ते बघायला. हे ऐकलं नाहीस तर पत्रं पुन्हा सुरू होतील.

बॅग अजून दाराशीच आहे. उचलून ठेवायला हात होत नाही, आळस म्हण.

ताई


३ मार्च

ताई,

मला तुझ्यासारखं लांबलचक लिहिता येत नाही आणि तुझ्याएवढा कागदही नाही, म्हणून हे बिलाच्या मागे लिहिते आहे.

ते पाणी, ते पापुद्रे, तो वेगळा मजला, मला त्यातलं काही कळलं नव्हतं. लेकीने दोनदा समजावलं, तरी नाही कळलं. सही मी त्यावर केली नाही.

आजारी पडल्यापासून सगळे येत होते, उशी नीट करत होते आणि ‘काही होणार नाही’ म्हणत होते. मला ते वाक्य चांगलं ओळखू येतं. आप्पांना मीच ते रोज म्हणायचे. म्हणून कुणाचंच खरं वाटत नव्हतं. तू एकटी तेव्हा तसं म्हणाली नव्हतीस. म्हणून तू म्हणालीस तो तुकडा माझा नाही, तर नाही.

बटणांचं वाचलं तेव्हा दुकान बंद केलं. भर दुपारी, दोन गिऱ्हाइकं दारात असताना. एक कोट मी उसवला नव्हता, ताई. त्यांनी शेवटची बटणं लावली तो. गिऱ्हाइकाला दुसरा शिवून दिला आणि तो ठेवून घेतला. एक बटण सरळ नाही. आज बाहेर काढून हँगरला लावला आहे.

आप्पांची खुर्ची अजून खिडकीशीच आहे आणि बटणं लावायचे कपडे साठले आहेत. तुला टाका घालता येत नाही हे मला माहीत आहे. मी नंतर उसवीन, तू घोरायचं नाटक कर.

बॅग भरलेलीच आहे म्हणालीस ना, मग ये.

ठमी